नारळाचं पाणी आणि गेमचा पडदा

दाजींचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या बाजारात हळकुंडं निवडत उभी होते. "शुभा, नंदा गेली गं..." एवढंच बोलले आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. सकाळचा वर्ग तिनं नेहमीसारखा घेतला, दुपारी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. खरं सांगते, मला आधी रागच आला. रविवारी ये म्हणून तिनंच बजावलं होतं, आणि शुक्रवारी ही अशी निघून गेली. कराडपर्यंतच्या एसटीत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. आता काही आठवडे झालेत. रडून झालंय. गंमत अशी की तिची आठवण काढायला बसलं की डोळ्यांत पाणी यायच्या आधी अंगात हुरूप येतो. तिचं सगळं तसंच होतं.

नंदाताई माझी आतेबहीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मलकापूरच्या सासरी ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आली तेव्हा तात्यांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, त्याचा अर्थ 'रेडिओ दुरुस्ती' एवढाच कळला होता. तेही काही खोटं नव्हतं म्हणा. स्वयंपाकघरात एका फळीवर मसाल्याचे डबे आणि खालच्या फळीवर उघडे पडलेले टेपरेकॉर्डर. आळीतल्या बायका मिक्सर पदराखाली झाकून आणायच्या आणि चहा पिऊन दुरुस्त करून न्यायच्या. पण तिचं मन त्यात नव्हतं. तिला मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा होता. मुलींसाठीच, कारण गावातल्या मुलांच्या वर्गात आपली पोरगी बसवायला कुणी तयार नव्हतं.

दोन वर्षं ती दारोदार फिरली. शेवटी सहा घरं कशीबशी हो म्हणाली, तीही एका बोलीवर: दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही येऊन बघणार, आणि मगच पोरीला घालायचं की नाही ते ठरवणार. नाहीतर शेजारचा शिवणक्लास होताच, तोही दसऱ्यालाच सुरू होत होता. तात्यांनी पुढची खोली दिली. दाजींनी सातारच्या एका ऑफिसातून वापरलेला कॉम्प्युटर आणला. एकच. सगळा वर्ग त्या एकावर उभा राहणार होता.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. विळा, खुरपं, शिवणयंत्र, मोटारसायकल, जे हाताखाली चालतं ते सगळं. तात्या म्हणाले, सुनेचं हत्यारही पुजायला पाहिजे. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, इथवर ठीक होतं. पण तात्या पडले जुने ट्रकवाले. गाडीपुढं नारळ फोडायची सवय हाताला. त्यांनी तो टेबलाच्या कडेवरच फोडला, आणि चालू असलेल्या मॉनिटरच्या जाळीतून पाणी आत. फट् झालं, धूर निघाला आणि पडदा काळा पडला. "म्या काय मुद्दाम क्येलं व्हय?" असं म्हणत तात्या दिवसभर ओट्यावर बसून राहिले. जेवलेही नाहीत. ताई त्यांना एक शब्द बोलली नाही. तिनं शेजाऱ्यांच्या फोनवरून मला सांगलीला फोन लावला. नवा मॉनिटर पुण्याहून येणार, तोही दसऱ्यानंतर.

"शुभे, तुझ्या भावाचं गेमचं दुकान बंद झालं ना?"

"झालं की. का?"

"एक डबा उघड. आतला पडदा काढून आण. त्याच्याखालचा जड ट्रान्सफॉर्मर विसरलीस तर मी शॉक लागून मरेन, लक्षात ठेव."

माझ्या भावाचं स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. लाकडी कपाटासारखे डबे, त्यात टीव्हीसारखा मोठा पडदा आणि समोर दांडा. तो पडदा रजईत गुंडाळून मी हळदीच्या पोत्यांच्या टेम्पोत बसले आणि कराडपर्यंत लेकरासारखा मांडीवर धरला. मलकापुरात उतरले तेव्हा मी आणि पडदा दोघंही पिवळे झालो होतो.

ताईनं वायरी सोलल्या, जोडल्या आणि बटण दाबलं. पडद्यातून कान किटवणारी शिट्टी निघाली. एकाच चित्राची दोन चित्रं झाली, तीही तिरकी, फाटलेली. दाजी म्हणाले, घरातला टीव्ही लावून बघू. ती म्हणाली, टीव्हीला ही भाषाच कळत नाही. ह्याला निदान रंगाच्या तीन वायरी तरी वेगवेगळ्या आहेत. मग मला समजावत बसली: कॉम्प्युटर पडद्यावर जेवढ्या वेगानं रेघा ओढतो, त्याच्या निम्म्या वेगानं हा बिचारा ओढतो. त्याला धाप लागलीये. मी म्हटलं, मग त्याला पळव. "पळवला तर जळेल," ती म्हणाली, आणि बंद करून टाकला. 

दसऱ्याच्या सकाळी मी दाराला तोरण बांधत होते. ताई चहाचा कप हातात घेऊन आली आणि मध्येच थांबली. "अगं... पडदा कशाला पळवायचा? कॉम्प्युटरलाच हळू चालवू की." कप तसाच माझ्या हातात देऊन आत पळाली. शिकताना भंगारातून घेतलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरचं, पडद्याकडे चित्र पाठवणारं कार्ड तिनं ट्रंकेत जपलं होतं. ते जुनं, सावकाश चालणारं. तिनं आमच्या कॉम्प्युटरमधलं काढून ते बसवलं. चित्र एक झालं, पण जत्रेतल्या पाळण्यासारखं वरखाली फिरायला लागलं. "चित्र कुठून सुरू करायचं तो इशारा उलटा जातोय," म्हणत तिनं मोडक्या टीव्हीतली एक चिप उपटली आणि मध्ये जोडली. माझ्या हातात बॅटरी, तोंडात स्क्रू, दाजी दारात पाहुणे थोपवायला उभे. आणि चित्र थांबलं. एकदम थांबलं, काळ्या पडद्यावर भलीमोठी पांढरी अक्षरं. मी तोंडातले स्क्रू थुंकून नाचले. तात्या ओट्यावरून उठून आले, लांबूनच हात जोडले आणि मग जेवायला वाढा म्हणाले.

पालक आले. सगळ्यांत शेवटी मूळचे वडूजकडचे एक गृहस्थ आले, मेंढरांमागं निम्मी हयात काढलेले, सोबत त्यांची सविता. ते पडद्याजवळ गेले, वाकून बघितलं आणि ताठ झाले. त्या काचेवर वर्षानुवर्षं एकच खेळ चालला होता, त्याचे आकडे कोपऱ्यात कायमचे भाजले होते. "बाई, ह्यो तर गेमचा डबा हाय."

  ताई सरळ म्हणाली, "आवं, त्योच हाय. आमचा मॉनिटर काल जळला. पर चालवणारा डोकं कुठं लावतो त्यावर हाय सगळं."

त्यांनी बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "माझ्या थोरल्याला सांगलीला शिकायला ठिवला हुता. त्यानं दोन वर्षं ह्या असल्या काचंवरच घालवली..." मग मागं वळून म्हणाले, "सविता, बस म्होरं. त्यानं घालवलंय ते जरा वसूल कर." सवितानं एकेक बटण शोधत आपलं नाव काढलं. त्या दिवशी सहाच्या सहा मुली बसल्या.

ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराला कुलूप होतं. तिच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, दहावा होईपर्यंत उघडायचं नाही, लोक काय म्हणतील. सविता आता तिथंच शिकवते, तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. ती दाजींसमोर येऊन उभी राहिली. "काका, त्या दसऱ्याला बाईंनी वर्ग बंद राहू दिला असता, तर माझं काय झालं असतं? आता मी कसा बंद ठेवू?" दाजींनी खिशातून किल्ली काढून दिली. नऊच्या वर्गाच्या मुली बाहेर येऊन थांबल्याच होत्या. त्यांच्या चपलांशेजारी मी माझ्या काढल्या आणि आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसले.