कालवडीच्या पोटातला पडदा

कल्पना करा, तुमच्या हातात म्हशीची लघवीची पिशवी आहे. ती उलटी करायची आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडायचा. कमी खरवडला, तर दुसऱ्या जनावराचं अंग उरलेला पडदा स्वीकारत नाही. जास्त खरवडला, तर भोक पडतं.

परभणीतल्या जनावरांच्या एका दवाखान्यात धम्मशीला अकरा वर्षं हेच काम करते. औषधी पाण्यात चार दिवस धुतल्यावर उरलेला पांढरा पडदा फाटलेल्या पोटाला ठिगळ म्हणून लावतात. तिचा आजा बैलाच्या खांद्यावरची जखम बकऱ्याच्या पिशवीनं झाकायचा. हे सांगितलं की शिकाऊ डॉक्टर हसायचे.

त्या दिवशी टेबलावर झरी गावच्या कल्याणरावांची कालवड होती. बेंबीपाशी पोट फाटून आतडी कातडीखाली उतरलेली.

"म्हशीचं ठिगळ गाईला," कल्याणराव दारातूनच म्हणाले. "आता रेडकासारखी वरडंल का काय, बाई?"

"वरडली तर दूध दाट येईल, मामा."

डॉक्टर वैजयंतींनी पोट उघडलं. धम्मशीलानं पडदा दोन चिमट्यांत धरून त्यावर सलाईन सोडलं. खालून एक थेंब लोंबला.

तिनं पडदा उजेडाकडं धरला. सुईच्या टोकाएवढं भोक, तिच्याच चाकूचं. कुणीच पाहिलं नव्हतं. दुसरा पडदा तयार नव्हता.

"मॅडम, पडद्याला भोक हाय. माझ्याच हातून पडलंय."

डॉक्टर वैजयंतींचे हात थांबले. "ताई, हे आत्ता सांगायलात?"

"आत्ताच दिसलं. भोक कडंला हाय. पडदा आडवा फिरवला तर ते कापायच्या भागात जातंय. फकस्त टाक्याला बोटभरच जागा उरतीय."

मॅडमनी पडदा फिरवून पाहिला, कड कापली आणि सुई मागितली.

शुद्धीवर येताना कालवड खोकली. शिवण ताणली. धम्मशीलानं दोन्ही तळवे दाबून धरले. ती पुन्हा खोकली. टाके टिकले.

तीन महिन्यांनी सोनोग्राफीत ठिगळ दिसलंच नाही. त्या जागी कालवडीचंच मांस भरून आलं होतं. कल्याणराव पेढे ठेवून गेले. धम्मशीला मात्र मशीनपाशीच उभी राहिली.

"मॅडम, पोटाचं भोक तिचं, मांसबी तिचंच. मग आधी ते आपलं आपण का भरलं न्हाई? एवढं खरवडून, धुवून त्या पडद्यात असं काय उरतंय?"