काकांच्या जीपचा सत्कार

शरीर नाशवंत आहे, आत्मा तेवढा टिकतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मावळातल्या औंढ्याला माझ्या काकांच्या घरी नेमकं उलट घडलं. शरीर टिकलं, आत्मा गेला, आणि नवा आत्मा अपघातात चेपलेल्या एका पिकअपमधून काढून आणावा लागला.

शरीर म्हणजे काकांची जीप. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, आणि घरात तिला मानही त्याच हिशेबाने मिळतो. तिचा स्टार्टर फार पूर्वीच बेभरवशाचा झाला होता, म्हणून काका ती कायम उतारावर, तोंड खाली करून लावत. लग्न असो की मयत, काका आधी उतार शोधणार. बेडशाच्या एका लग्नात मनासारखा उतार सापडला तो मांडवापासून अर्ध्या मैलावर. आम्ही नवरीकडचे असूनही अक्षता पडून गेल्यावर पोचलो. जीपमध्ये बसायचं तर ढकलायची तयारी ठेवायची, हे आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या महिन्यातच कळत असे.

गेल्या वर्षी जुन्या इंजिनाने कायमचा राम म्हटला. काकांना ते जड गेलं, कारण गावामागच्या पठारावर त्यांचं शेत आहे. तिथे नाचणी होते आणि त्यांनी स्वतः लावलेली अकरा आंब्याची झाडं आहेत. गुडघे गेल्यापासून जीपशिवाय त्यांना तिथे जाता येत नाही. त्याच सुमारास लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टवाल्याने जीप मागितली. त्याला ती फाटकाशी शोभेला उभी करून बोनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. काकूला ही कल्पना एकदम पसंत पडली.

“सदाफुली तरी रोज फुलंल,” ती म्हणाली. “तुमची ही काय रोज चालू हुती व्हय?”

काकांनी एक संधी मागितली. नवं इंजिन बसवू, म्हणाले. बरीच बोलणी होऊन अट ठरली ती अशी: इंजिन बसल्यावर पहिल्याच खेपेला जीप कुणी न ढकलता पठारावर गेली पाहिजे. नाही गेली, तर सदाफुली. काका हो म्हणाले, आणि अडचण हीच होती की काका दिलेला शब्द पाळतात.

लोणावळ्याहून मिस्त्री आले. आरटीओची परवानगी, आरसी बुकावर नव्या इंजिनाची नोंद वगैरे माझ्याकडे आलं, कारण शाळेत शिकवणाऱ्या माणसाला अर्ज लिहिता येतो असा काकांचा समज आहे. मिस्त्रींनी परसातल्या फणसाला चेन-पुली टांगली आणि जुनं इंजिन दाढ उपटावी तसं उचलून बाहेर काढलं. पिकअपमधलं नवं खाली सोडलं तेव्हा ते वीतभर लांब निघालं. मिस्त्री उकिडवे बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चहा मागितला आणि त्यानंतर रेडिएटर जितका पुढे सरकवता येईल तितका सरकवला.

“आबा, रेडिएटर पार जाळीला भिडलाय,” ते काकांना म्हणाले. “समोरून वारा तेवढा मिळाला पायजे. बाकी चिंता नाही.”

“मावळात वाऱ्याला काय तोटा हाये,” काका म्हणाले.

पहिल्यांदा चावी फिरवली आणि इंजिन चालू झालं. काकांचा एक पाय अजून बाहेर होता, ढकलायला.

ही बातमी गावात राहिली असती तर बरं झालं असतं. पण निवडणूक जवळ आली होती, आणि आमच्या भागातले एक इच्छुक दिसेल त्याचा सत्कार करत सुटले होते. दहावी पास झालेल्यांचा त्यांनी केला होता. नापास झालेल्यांचा धीर देण्यासाठी केला होता. एका बोअरला पाणी लागलं म्हणून बोअरचाही केला होता. ते शाल, श्रीफळ, फोटोग्राफर आणि झेंडूचा मांडीएवढा जाड हार घेऊन हजर झाले. ही जीप म्हणजे मावळच्या मातीचा स्वाभिमान आहे, असं ते म्हणाले. स्वतः एसी गाडीतून आले होते आणि बोलून झाल्यावर बूट पुसत होते.

जीपला खांदे नसतात, हे शाल पांघरायच्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं. शेवटी ती पुढच्या बाजूने आडवी लावली, वाऱ्याने उडू नये म्हणून कडा जाळीच्या फटींत खोचल्या आणि वरून हार आवळून बांधला. मिस्त्री असते तर बोलले असते, पण ते त्या दिवशी घाटात बंद पडलेल्या एका बसकडे गेले होते. आम्हाला मात्र काहीच खटकलं नाही. आमच्याकडे सत्काराची शाल पाहुणा जाईपर्यंत अंगावरून काढत नाहीत, आणि पाहुणे तर फोटोसाठी मागून येणार होते.

सत्कार आटोपताच पहिली खेप निघाली: काका चालवायला, शेजारी काकू पंच म्हणून, मागे मी. जीप चढाला लागली आणि पहिली दोन वळणं अशी चढली की काकूने वरचा दांडा धरला. काका शीळ घालत होते. मी त्यांना त्याआधी कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं. तिसऱ्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. चौथ्यावर बोनेटमधून वाफ यायला लागली आणि काकांनी जीप थांबवली.

इच्छुकांनी मागूनच गाडी वळवली. त्यांना कुठेतरी बैठक होती.

काकांनी उतरून चाकाखाली दगड लावला. तिथून वरचे आंबे दिसत होते. काका थोडा वेळ तिकडे बघत राहिले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्तर, त्या रिसॉर्टवाल्याचा नंबर हाये न्हवं तुझ्याकडं? लाव.”

इथे रेंज नाही, असं मी म्हणालो. रेंज भरपूर होती.

काकू एवढ्यात पुढे गेली होती. चांगली शाल वाफेने खराब होईल, एवढीच तिला काळजी. तिने ओढली तर निघेना. मग तिने पाय रोवून ओढली, तेव्हा हारासकट बाहेर आली, आणि मागून रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा एक थर दिसला.

“अवो,” ती काकांना म्हणाली, “तुमच्या नाकातोंडावर शाल कोंबून चढ चढाया लावला, तर तुमी तरी चढाल का?”

काकांनी वाकून बघितलं. तिथेच बसून एकेक पाकळी वेचायला लागले.

तासाभराने इंजिन निवलं. काकूने प्यायला आणलेलं पाणी आम्ही रेडिएटरमध्ये ओतलं. चावी फिरवताच जीप चालू झाली आणि उरलेला चढ तिने एका दमात संपवला. वर आंब्याखाली काकांनी इंजिन बंद केलं आणि ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मधे थांबलो होतो, हे त्यांना विसरता येत नव्हतं.

काकू उतरली, लुगड्यावरची धूळ झटकली.

“ढकलाया लागली न्हाई न्हवं?” ती म्हणाली. “मग चढली.”

रिसॉर्टवाल्याने फाटकाशी बैलगाडी ठेवली. काका आता रोज पठारावर जातात आणि जीप अजूनही उतारावरच लावतात. शाल ड्रायव्हरच्या सीटखाली असते. रेडिएटरचं गरम झाकण धरायला इतकं चांगलं फडकं मिळत नाही, असं मिस्त्री म्हणतात.