अर्धा तास उशिराचं पाणी

इसिडोरला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, सरकारी खात्यातली कायमची नोकरी. कांजूरच्या मिठागरात पंधरा वर्षं मीठ ओढून पायांची चाळण झाली, तेव्हा १९६८ साली ती दारात आली. खाडीवर धक्का बांधायचा होता आणि त्याआधी तिथली भरती-ओहोटी मोजायची होती. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, पाण्यात रोवलेल्या खांबावरचा आकडा दर पंधरा मिनिटांनी वहीत भरायचा.

"वही चोख ठेव, कायम करतो," ओव्हरसियर विद्याधर साहेब म्हणाले.

इसिडोर रोज स्टेशनच्या घड्याळावर मनगटी घड्याळ लावून खाडीवर जाई. जेवण चिखलातल्या फळीवरच.

दहाव्या दिवशी साहेब बंदरावरच्या भरतीचा छापील तक्ता घेऊन आले.

"रोजची भरती अर्धा तास उशिरा? सकाळी किती ढोसतोस रे?"

"मी घेत नाय, साहेब. तक्ता बंदराचा हाय. तिथून पानी खाडीत चढत इथवर यायला येळ लागतो."

"आता समुद्र मिठागरवाल्याला विचारून येणार!"

बरोबरचे दोन शिपाई खदखदून हसले. साहेबांनी नऊ दिवसांची पानं टराटरा फाडून चिखलात टाकली. "तक्त्याशी जुळव. नाहीतर जा मीठ ओढायला."

घरी बायको सिसिलिया म्हणाली, "त्यांना पायजे ते लिव ना. पानी काय वही वाचनार हाय?"

दुसऱ्या दिवसापासून तो आकडा खांबावरचाच वाची, पण अर्ध्या तासापूर्वीच्या रकान्यात भरी. पहिल्या दिवशी हात अडखळला. आठवड्यात सवय झाली. वही पाहून साहेब खूश.

शेवटच्या तीन दिवसांसाठी संशोधन संस्थेतल्या अनुपमाबाई एक कुलूपबंद पेटी घेऊन आल्या. इसिडोरनंच ती खांद्यावर घेऊन, मांडीभर चिखल तुडवत खांबापाशी नेली. मिठाचं प्रमाण तपासायचं यंत्र असेल, असं त्याला वाटलं. आत तरंगता डबा होता, पाण्याबरोबर वरखाली होणारा, आणि त्याला जोडलेलं पेन घड्याळाच्या गतीनं फिरणाऱ्या कागदावर रेघ काढत होतं.

एकोणतिसाव्या दिवशी बाईंनी तो कागद वहीशेजारी ठेवला.

"वहीतली भरती बरोबर अर्धा तास आधी येते. घड्याळ मागं पडलं होतं का हो तुमचं?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. इसिडोरला ते सुचलंच नाही.

"नाय बाई, घड्याळ बरोबर हाय. मीच मागच्या रकान्यात लिवलं. साहेबांनी सांगितलं."

"मी?" विद्याधर साहेब हसले. "विचारा या दोघांना."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमच्यासमोर तर नाय बोलले," एक म्हणाला.

"आणि पहिल्या नऊ दिवसांची पानं?" बाईंनी विचारलं.

"दारूच्या पायी भिजवली असतील, मॅडम," साहेब म्हणाले.

बाईंनी वही मिटली. "खोटी नोंद करणारा माणूस आम्हाला चालणार नाही." मग त्यांनी शांतपणे त्याला समजावलं की बंदराहून खाडीत चढत यायला पाण्याला वेळ लागतो, म्हणून इथली भरती अर्धा तास उशिरा येते.

"हे कळायला शिक्षण लागतं, इसिडोर," साहेब म्हणाले.

एकोणतीस दिवसांचं मोजमाप पुन्हा करावं लागणार होतं.

"तुझ्या वाडीत कुणी प्रामाणिक आहे का रे?" साहेबांनी विचारलं. "उद्यापासून पाठव."

इसिडोरनं शेजारच्या रेमंडचं नाव सांगितलं.