पाकिटावरची अव्वा

वळसंगात निंगव्वाला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळ्या गावाची ती अव्वा. कानडीत अव्वा म्हणजे आई, आणि पोटी मूल नसलेली ही बाई गावभर आईपण करत फिरते. तीस वर्षं शाळेत पोरं हाकून मला जो मान मिळाला नाही, तो हिला शेंगाचटणीनं मिळवून दिला. मला त्याचा थोडा मत्सर आहे, लपवत नाही.

आमची भिंत सामाईक. सकाळी तिचं उखळ सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी नाचायची. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि मग नुसतं कुटणं. दाण्याला तेल सुटेपर्यंत ती मुसळ खाली ठेवत नसे. चटणी झाली की नाही हे ती चाखून नव्हे, मूठ वळून ठरवते. मुटका वळला तर झाली, भुरभुरली तर परत उखळात.

बसवेश तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा दीड वर्षाचा होता. निंगव्वानं त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्यानंही तिला कधी मावशी म्हटलं नाही, अव्वाच म्हटलं. चार वर्षांपूर्वी त्यानंच तिची चटणी मोबाईलवरून विकायला काढली. पुण्याहून, नागपुराहून, थेट दिल्लीहून मागणी यायला लागली. कुरियरची गाडी आमच्या बोळात शिरली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं.

पाकिटावर नाव काय घालायचं यावर आमच्या ओसरीवर बैठक बसली.

"निंगव्वा चटणी," बसवेश म्हणाला. "झकास दिसंल."

ती एकदम उसळली. "ते नगं! निंग म्हंजे लिंगच की. लोकं चटणी खातील आन् पाकीट उकिरड्यावर टाकतील. देवाचं नाव पायाखाली यायचं?" बोलताना तिचा हात गळ्यातल्या लिंगावर होता.

आम्ही हसलो. मी आणि माझी धाकटी लेक अक्षता, दोघंही. शेवटी बसवेशनंच तोडगा काढला, "मग अव्वा घालू." माझं अक्षर चांगलं म्हणून तो शब्द मीच कागदावर लिहून दिला. त्या अक्षराची आज मला लाज वाटते.

मागणी वाढली तसं बसवेशनं पॅकिंगचं काम सोलापुरात नेलं. रोज वडाप जीपमधून हिचे डबे जायचे. मग गेल्या वर्षी तो म्हणू लागला, "मार्केट थंड हाय, अव्वा." रोजचे डबे आठवड्यावर आले, मग तेही थांबले. आमची भांडी गप्प झाली. एकदा ती मला म्हणाली, "गुरुजी, माजा हात बिघडला असंल का वो? लोकास्नी आवडंना झाली असंल." मी खुळ्यासारखा तिची समजूत काढत बसलो.

आषाढात कुरियरवाला एक पार्सल घेऊन आला. नाशिकच्या कुणा बाईंनी माल परत पाठवला होता, आणि परतीचा पत्ता बदलायचं बसवेश विसरला होता. आत पाकीट आणि चिठ्ठी. अक्षतानं वाचली, "ही पूर्वीची अव्वांची चटणी नाही. तुम्ही आम्हाला फसवलंत."

निंगव्वानं पाकीट फोडलं, मूठभर चटणी घेतली आणि वळली. बोटांतून कोरडी भुकटी खाली सांडली. मिक्सरवर दळलेली.

"म्हंजे माजा हात बिघडला न्हवता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन सोलापुरात गेलो. बसवेशच्या गोदामात छतापर्यंत खोकी रचलेली, प्रत्येकावर माझ्या अक्षरातली अव्वा. बसवेशनं लगबगीनं खुर्ची पुढं केली, चहा मागवला.

"तुज्या उखळातनं दिवसाला धा किलो निघती. मला दोनशे लागती," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर जिवाला लागलं असतं."

"तर मशीनची म्हणून विक की. अव्वाची कशाला म्हंतोस?"

"नाव माज्या नावानं रजिस्टर हाय. आन् अव्वा म्हंजे आईच की. कुणाचीबी आई असंल."

तिनं चहाला हात लावला नाही. परत येताना जीपमध्ये मी बसवेशला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकल्या असत्या तर त्यांना धक्का बसला असता.

अक्षता गप्प बसणाऱ्यातली नाही. तिनं अव्वाची खरी चटणी स्वतःच मोबाईलवर विकायला ठेवली. उखळ पुन्हा सुरू झालं. आठ दिवसांत त्या ॲपवाल्यांकडून कळवलं गेलं की दुसऱ्याचं नोंदलेलं नाव वापरून नकली माल विकला जात आहे, म्हणून ही विक्री बंद करण्यात येत आहे. तक्रार करणाऱ्याचं नावही दिलं होतं. बसवेश. ज्या बाईनं त्याला घास भरवला तिला त्यानं लेखी नकली ठरवलं!

"तुमचं स्वतःचं नाव घालू या," अक्षता म्हणाली. "निंगव्वा. ते कुणी घेऊ शकत नाही."

"पोरानं फसवलं म्हणून मी देवाला उकिरड्यावर टाकू व्हय?"

तिथं तो विषय संपला.

मागच्या सोमवारी बसवेश आला. हातात साडीचं खोकं, मिठाईचा पुडा. आम्ही आत तिच्याजवळच बसलो होतो. त्यानं उंबऱ्यातून हाक मारली, "अव्वा! ए अव्वा!"

ती जागची हलली नाही. तो ऐकेल अशा आवाजात अक्षताला म्हणाली, "त्याला सांग, अव्वा सोलापुरात हाय, त्येच्या खोक्यात. हितं निंगव्वा ऱ्हाती."

 त्यानं दोनदा तोंड उघडलं, पण त्याला तिला हाक मारायला दुसरा शब्दच ठाऊक नव्हता.