पाण्याची गोळी

गावात मी आशा सेविका आहे. कोणाला दिवस गेले, कोणाची बीपीची गोळी संपली, कोण टीबीची गोळी गुपचूप थुंकून देतो, सगळं माझ्या वहीत. तोंडानं फटकळ आहे मी. गोळी चुकवली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सोडत नाही. म्हणूनच माझ्या घरात, माझ्या नाकाखाली काय चाललं होतं ते सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो. राग दुसऱ्या कोणावर नाही, माझ्यावरच आहे.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते. नवरा घुग्घुसला सिमेंटच्या कामावर असतो, पंधरा दिवसांनी येतो. मामाजींचा सारा जन्म गावच्या तलावात मासोळ्या धरण्यात गेला. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोळ्या लावल्या. एक रात्रीची, प्रेशरची. दुसरी सकाळची, अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. ती मी रोज पहाटे त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते "हो, घेतो" म्हणायचे, जाळं खांद्यावर टाकायचे आणि निघायचे.

मग रात्री दाराची कडी वाजायला लागली. एकदा, दोनदा, पाचदा. संडास अंगणाच्या टोकाला, भाताच्या तणसीच्या ढिगाच्या पल्याड. त्याच महिन्यात शेजारच्या गावात वाघानं बाई नेलेली. अंधार पडला की आमच्याकडे कोणी एकटं बाहेर पडत नाही. मी बॅटरी घेऊन मागं धावायची.

"मामाजी, काऊन उठून राह्यले घडीघडी?"

"झोप नाई येत. तू झोप ना बाई."

खाटेवरून उठले की भिंत धरून उभे राहायचे. चक्कर येते काय विचारलं, तर नाई. मग मी शहाणीनं ठरवलं, हा चहाचा प्रताप. संध्याकाळचा चहा बंद केला. फरक पडेना, तर जेवणानंतरचं पाणीही तोडलं. म्हातारा तहानलेलाच झोपला. खाटेखाली बादली ठेवली, तर सकाळी ती कोरडीच, दारामागं पालथी घातलेली. "तुम्ही माझ्या जिवावर उठले काय, मामाजी!" असं मी एकदा ओरडले. तेव्हापासून ते कडी अगदी हळू काढायला लागले, माझी झोप मोडू नये म्हणून. बॅटरीही नेईनात.

थंडीतल्या एका रात्री मला कडी ऐकूच आली नाही. धप्पकन आवाज आला तो थेट अंगणातून. धावले. मामाजी तणसीपाशी पडलेले, धोतर ओलं, पाय भलताच वळलेला. उचलायला गेले तर उचलेनात. मी किंचाळले तशी शेजारची माणसं काठ्या घेऊन आली, त्यांना वाटलं वाघच आला. मामाजी एका हातानं ओलं धोतर झाकत होते आणि मला म्हणत होते, "तू जा बाई घरात. तू जा."

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, पाण्याची गोळी कधी घेता?"

"सकाळी. मी माझ्या हातानं देते," मी मधेच बोलले.

"रात्री," मामाजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. डॉक्टरांनाच सांगत होते, "सकाळी आम्ही आठ जण छातीभर पाण्यात जाळं धरून राह्यतो, साहेब. एकानं सोडलं त मासोळी गेली. अन् तलावात आमच्यातलं कोणी मुतत नाई, त्याच्यावर पोट आहे. म्हणून गोळी खिशात ठेवत होतो, अन् रातच्याले जेवून घेत होतो. एक दिवस बी चुकवली नाई."

"अहो, तलावावरून आल्यावर दुपारी घेतली असती तरी चाललं असतं. रात्री घेतली म्हणूनच तर सारखं उठावं लागत होतं, आणि प्रेशरच्या गोळीबरोबर चक्करही येत होती. नुसतं विचारायचं ना! घरात आशा असून?"

मामाजींनी भिंतीकडे तोंड केलं. "सुनेले मुताचं कसं सांगू, साहेब?"

अख्ख्या गावातल्या बायकांना मी अंगावरून जाण्याचं विचारते, पाळीचं विचारते, आणि लाजल्या तर वरून दम भरते. घरी मी चहाला दोष देत बसले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ते पाण्यात उतरायचे नाहीत, हे डॉक्टरांनी मलाच बाजूला घेऊन सांगितलं. मामाजींना अजून कोणी सांगितलेलं नाही. गोळी मी आता दुपारी देते. मग दोन-तीन तास भांडं मलाच धरावं लागतं, दुसरं आहे कोण? ते डोळे गच्च मिटून घेतात, मीही तोंड फिरवते. झालं की दर वेळी म्हणतात, "माफ कर बाई."

"माफी कायची, मामाजी!" मी खेकसते. खेकसले नाही तर रडू येतं. पुढच्या वेळी ते पुन्हा तेच म्हणतात.