शमीखालचा बॉल

फेब्रुवारीतला रविवार, रास अल खैमा, सकाळची वेळ. हजर: मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई. गैरहजर: आमच्या मराठी मंडळातली, बरोबर येणारी दोन कुटुंबं. एकाकडे ताप होता, दुसरे उठलेच नव्हते.

महिलांच्या हौशी गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. जिंकणारीला त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये होणाऱ्या महिलांच्या व्यावसायिक मेजरमध्ये, म्हणजे सर्वांत मोठ्या दर्जाच्या स्पर्धेत, थेट प्रवेश मिळणार होता. अशा मेजर वर्षातून पाचच होतात आणि हौशी खेळाडूला तिथं शिरायला फार थोडे दरवाजे असतात. आम्ही दुबईतल्या अल बर्शाहून रोज गाडी काढून व्हॉलंटियर म्हणून जात होतो. नवरा पार्किंगला, मुलगी स्कोअरबोर्ड घेऊन खेळाडूंमागे आणि मी सोळाव्या होलवर मार्शल. प्रेक्षकांना दोरीमागे ठेवायचं, फटक्याच्या वेळी हात वर करून शांत करायचं, बॉल झाडीत गेला तर शोधायला मदत करायची. आई प्रेक्षक होत्या. त्यांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून आणलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, की एवढा वेळ चालतात तर पळत का नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना स्कोअर समजायला लागला. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी स्वतःची एक खेळाडू निवडली होती. भारतातून आलेली, एकोणीस वर्षांची, हिंदी बोलणारी मुलगी. तिचे वडील बॅग उचलून तिच्याबरोबर चालत होते, हे आईंना विशेष आवडलं होतं. ती "मोठ्या मॅचला" जाणार असं त्यांनी सांगलीला फोन करून सांगूनही टाकलं होतं. रविवारी सोळाव्या होलवर पोचली तेव्हा ती आणखी एका मुलीबरोबर बरोबरीत पहिली होती.

तिथला तिचा पहिला फटका डावीकडे गेला, वाळूतल्या झुडपांमध्ये. शोधायला तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडला नाही तर बॉल हरवला असं धरतात आणि दंड घेऊन टीवर, म्हणजे पहिला फटका मारला तिथं, परत जावं लागतं. मी, तिचे वडील, ती स्वतः, चारदोन प्रेक्षक, सगळे वाकून शोधायला लागलो. आईही दोरीखालून आत आल्या. यात गैर काही नव्हतं, प्रेक्षकांनी शोधायला हरकत नसते.

वेळ संपत आली असताना पलीकडून आईंचा आवाज आला, "सापडला गं." मी वळून बघेपर्यंत त्यांनी बॉल उचलला होता, ओढणीने पुसला होता आणि मुलीसमोर धरला होता. "ये लो बेटी."

मुलगी हात पुढे न करता थांबली. माझी मुलगी बोर्ड घेऊन मागेच होती. ती म्हणाली, "आजी, यू कान्ट टच इट."

"अगं, तिचाच आहे. खूण बघून दिलाय."

रेफ्री बग्गीतून आली. पन्नाशीची, शांत बाई. प्रेक्षकाने बॉल उचलला तर खेळाडूला दंड नाही, पण बॉल जिथं होता तिथंच परत ठेवायचा. तो कुठं होता हे फक्त आईंना माहीत होतं. रेफ्रीने त्यांना इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं.

आईंनी मोकळ्या सपाट वाळूकडे बोट केलं. "इथं." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "आत होता, त्या शमीच्या बुंध्याला टेकून. तिथून ती काय मारणार? तू इथंच म्हण."

ते झाड म्हणजे इथलं घाफ. आई आल्यापासून त्याला शमीच म्हणत होत्या आणि ते बरोबरही आहे. फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या. तिथं बॉल असेल तर काठी फिरवायला जागाच नव्हती.

रेफ्रीने मला विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी दोन्ही गोष्टी इंग्रजीत सांगितल्या, ज्या क्रमाने बोलल्या गेल्या त्या क्रमाने.

आईंना इंग्रजी बोलता येत नाही, समजतं बऱ्यापैकी. त्या दोरीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. बॉल बुंध्याशी ठेवला गेला. तिथून खेळता येत नाही असं त्या मुलीने जाहीर केलं, एका फटक्याचा दंड घेतला, बॉल थोडा बाजूला टाकला आणि पुढे खेळली. स्पर्धा ती एका फटक्याने हरली.

बक्षीस समारंभानंतर मी खुर्च्या मोजून देत होते. ती मुलगी बॅग घेऊन पार्किंगकडे निघाली होती, मला बघून थांबली. डोळे लाल होते, आवाज सरळ होता. "आंटी, दादीजी को बोलिएगा, वो नहीं ढूँढतीं तो मैं वापस टी पे जाती. दो शॉट जाते. उन्होंने मेरा एक बचाया." मी विचारलं, हे तू स्वतः येऊन सांगतेस का, त्या गाडीत बसल्यात. तिने घड्याळ बघितलं. फ्लाइट होती. वडील हाक मारत होते.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने वातावरण हलकं करायला म्हटलं, "आई, सांगलीत पोरांचे बॉल बाल्कनीत आले की जप्त करतेस. इथं बरा उचलून दिलास." मुलगी हसली. आई खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "भाषांतर चोख केलंस हो. एक शब्द सांडला नाहीस."

"आई, रेफ्रीने विचारलं होतं."

"खोटं मी बोलले होते. ते माझ्या माथी होतं. तुला मध्ये यायचं काय कारण होतं?"

मी त्या मुलीचा निरोप सांगायला लागले. "मला समजावू नकोस आता," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

नवरा म्हणाला, दोन दिवस जाऊ दे. गेले. त्या पुढे सहा आठवडे आमच्याकडे होत्या. बोलणं पूर्ववत झालं, भाजी निवडणं, मुलीच्या परीक्षा, सगळं. गोल्फ मात्र नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्या उठून आत गेल्या. अडचण अशी, की निरोप त्यांच्यासाठी होता, पण माझ्या तोंडून तो माझ्याच बाजूचा वाटायचा: बघा, त्या मुलीलासुद्धा राग नव्हता. हे वेगळं कसं काढायचं ते मला जमलं नाही. माझ्या मुलीला निरोप द्यायला सांगून बघितलं, तर ती म्हणाली, "मम्मा, धिस इज बिटवीन यू टू."

उन्हाळ्यात ती मेजर टीव्हीवर लागली. मी इस्त्री करत बघत होते तेव्हा सांगलीहून फोन आला. आईंनी आधी हवा विचारली, मग नवऱ्याचं पित्त. मग म्हणाल्या, "ती मोठी मॅच चालू आहे का?"

"हो."

"आपली आहे का त्यात?"

"नाही. ती दुसरी आहे, जिंकलेली."

"हं. कशी खेळते?"

मी म्हटलं, बरी खेळते. त्या ऐकत होत्या, लाइनवर पंख्याचा आवाज येत होता. एवढा मोकळा वेळ त्यांनी या विषयाला पहिल्यांदाच दिला होता. मी इस्त्री उभी केली आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी ती मला पार्किंगमध्ये भेटली होती." तेवढ्यात त्यांच्या दारावरची बेल वाजली. दूधवाला आला, ठेवते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नंतर त्यांचा फोन आला तो नवऱ्याला. मला तो निरोप अजून सांगायचा आहे.