मोंमार्त्रच्या चढावर, मीना बाजारात

लेकीनं पॅरिसमधलं मोंमार्त्र मला फोनवरून चालून दाखवलं, तेव्हा मी दुबईत, बर दुबई भागातल्या मीना बाजारात अस्तराचं कापड घ्यायला निघाले होते. "इकडचं तिकडचं बोलत बसू नकोस. तिकीट कधी काढतेस, एवढंच विचार," असं यांनी बजावलं होतं. सहा महिने बाहेर राहिलं की इथला व्हिसा खलास, आणि तिचे सहा महिने भरत आले होते. मॅनेजमेंटचा कोर्स कधीच संपला होता. नोकरी शोधतेय, म्हणायची.

"आई, जस्ट वॉक विथ मी," ती म्हणाली. बरं बाई, म्हटलं, आणि कानात इअरफोन खुपसून चालायला लागले.

तिच्याकडे दुपार, माझ्याकडे दिवेलागण. तिकडे दगडी पायऱ्या, चढ, आणि भर वस्तीत चक्क द्राक्षांचा मळा! "नाशिकला गेलीस की काय गं?" विचारलं तर नुसती हसली. मग एक जुनी पवनचक्की आली. पूर्वी इथे सगळे चित्रकार राहायचे म्हणे, भाडं स्वस्त म्हणून. मला कशाची टोटल लागेना. ती डावीकडे वळली की मीही आपली डावीकडे. ती उजवीकडे, मी उजवीकडे. इतकी वर्षं ज्या बाजारात साड्यांना फॉल-पिको करून घेतलं, तिथे मी हरवले! समोर सुटकेसांचे ढीग. "मॅडम, किधर जाना है?" दुकानदारानं विचारलं. काय सांगणार, कप्पाळ?

"अगं, ते तिकीट..." मी सुरुवात केली की, "आई, लुक!" चौकात छत्र्यांखाली चित्रकार बसले होते. चौक मागे टाकून ती एका अरुंद गल्लीत शिरली आणि कॅफेच्या दाराआडून तिनं दोन घडीची स्टुलं ओढली.

"बसू नकोस!" मी ओरडले. "चेहरा काढतात आणि गळा कापतात मेले!"

ती बसलीच. फोन समोरच्या स्टुलावर टेकवला, मांडीवर बोर्ड घेतला आणि हातात कोळशाची कांडी. गिऱ्हाइकाच्या जागी मी होते.

"म्हणजे तू... आणि नोकरी?"

"धिस इज इट, आई."

खरं सांगते, सणसणीत राग आला. एवढं शिकून रस्त्यावर बसायचं? पण नजर तिच्या काळ्या झालेल्या बोटांवरून हलेना. इतकी निवांत मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. रागवावं की कौतुक करावं, काही कळेनासं झालं.

"तिकीट कधी काढतेस?" शेवटी विचारून टाकलं.

"आई, हलू नकोस ना," ती मराठीत म्हणाली.

मग काय, सुटकेसांसमोर उभी राहिले तशीच. माणसं धक्के मारत, 'यल्ला यल्ला', चला चला, करत जात होती. चित्र झाल्यावर तिनं बोर्ड फिरवला. मीच होते, दुहेरी हनुवटीसकट. डोळे मात्र वाट चुकलेल्या बाईचे.

अस्तर राहिलंच. यांनी दारातच विचारलं, "काढतेय का तिकीट?"

"आपल्या दोघांचं काढा," मी म्हटलं. "तिला काम असतं."

"कसलं काम?"

मी फोनवरचं चित्र पुढे केलं. चष्मा लावून त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

"आणि व्हिसा?"

"खलास," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं.